लेकराच्या डोक्यातली गाठ पुडीनं सुकत नसती

मेसेज म्हणतो: लेकराच्या मेंदूत मेड्युलोब्लास्टोमाची (मेंदूच्या कॅन्सरची) गाठ निघाली तर चाकू लावू देऊ नका, ती पसरते, एमआरआयच्या रेडिएशननं वाढते, शेक (कॅन्सरवरचा रेडिएशनचा उपचार) दिला की लेकरू मंद होतं, साखर बंद करा आणि चाळीस दिवस पुडी द्या. परभणीच्या मावशीनं टाकलेला, सोडून दिला असता, पण तिच्याच नात्यातल्या एका लेकराचं ऑपरेशन ठरलंय आणि घरात आता "चाळीस दिवस थांबून बघू की" सुरू झालंय.

एमआरआयमध्ये लोहचुंबक असतं, रेडिएशन नसतंच. विषय संपला. साखरेचं तर काय बोलावं, उलट्या करून वाळलेल्या लेकराचा घास तोडून गाठ उपाशी मरत नसती.

आता पुडी. ही गाठ लहान मेंदूत असती, तिथं मेंदूतल्या पाण्याची वाट तुंबते आणि डोक्यात प्रेशर वाढतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या उलटी, डोकेदुखी, चालताना झोक जाणं (आपल्याकडं हे आधी पित्त, मग जंत, मग नजर लागली असं फिरत राहतं). ऑपरेशनच्या आधी डॉक्टर डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात, सूज उतरते, उलटी थांबते, लेकरू उठून भाकर मागतं. नेमकी त्याच टायमाला कुणीतरी पुडी चारलेली असती, नाव पुडीचं होतं! कधी तर पुडीतच स्टेरॉइड कुटलेलं असतं. गाठ मात्र आत वाढतच असती, आणि प्रेशर एकदम चढलं तर लेकरू बेशुद्ध होऊन जीवही जातो. चाळीस दिवस आणायचे कुठून?

पसरते हे खरंय, पण चाकूनं नाही, स्वतःहूनच, मेंदू-मणक्याच्या पाण्यातून. म्हणून तर मणक्याचाही एमआरआय काढतात.

शेकाचं मात्र अर्धं मान्य करावं लागतं. बुद्धीवर, उंचीवर परिणाम होतो. डॉक्टरांना ते ठाऊक नाही व्हय? तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना शक्यतो देतच नाहीत, आणि न पसरलेल्या, जवळपास पूर्ण निघालेल्या गाठीत मेंदू-मणक्याचा डोस ३६ वरून २३.४ ग्रेवर (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) आणला, सोबत केमो. पॅकर आणि सहकाऱ्यांनी २००६ ला 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'त अशा ३७९ रुग्णांचा हिशोब छापलाय, पाच वर्षांनी शंभरातले ऐंशीहून जास्त जिवंत. पसरलेल्या गाठीत आकडा कमी येतो, ते लपवत नाही.

आणि मुंबईत राहायचं कुठं म्हणून कुणी अडलं असेल तर टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या समाजसेवकांना विचारा, सेंट ज्यूडच्या केंद्रांत उपचार चालू असलेल्या लेकराला आईबापासकट फुकट ठेवून घेतात.