मंद लॅपटॉप सुसाट करण्याचे रामबाण उपाय

तुमचा लॅपटॉप हळू चालतो का? मग तुम्ही नशीबवान आहात. बटण दाबायचं, चहा टाकायचा, गाळायचा, प्यायचा, कप विसळायचा आणि मग येऊन पासवर्ड टाकायचा, इतकी शिस्त योगाच्या वर्गातसुद्धा लागत नाही. तरी घरात कुणाला तरी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतोच आणि शेवटची तारीख नेमकी आजचीच असते. अशा अधीर मंडळींसाठी हे उपाय. बरेचसे पिढीजात आहेत, एक मात्र अगदी ताजा, मी स्वतः पैसे मोजून घेतलेला.

सुरुवात रिफ्रेशने करावी. डेस्कटॉपवर उजवं बटण, रिफ्रेश. पुन्हा उजवं बटण, रिफ्रेश. आरतीला टाळ वाजवतात त्या लयीत, हात दुखेपर्यंत. त्याने फक्त स्क्रीनवरचे आयकॉन नव्याने काढले जातात, रॅम रिकामी होत नाही की प्रोसेसरला काही कळतही नाही, असं सांगणारे नास्तिक भेटतील. त्यांना प्रसाद देऊ नये.

अँटिव्हायरस एक असेल तर दुसराही टाका. ते एकमेकांवर लक्ष ठेवतील.

लॅपटॉप गादीवर, शक्यतो दुलईत ठेवून वापरा. खालची हवेची भोकं बुजली की प्रोसेसर तापतो आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःचाच वेग उतरवतो. त्यालाही विश्रांती हवीच.

रीस्टार्ट कधीही करू नका, रोज शटडाउन करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि शटडाउन म्हणजे अर्धवट झोप झाली; खरं झाडून-पुसून काम होतं ते रीस्टार्टने. पण हा उपाय फुकट आहे, आणि फुकटच्या औषधाचा गुण येत नाही.

एखादा 'पीसी क्लीनर' उतरवून घ्या. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये हजारो चुका शोधेल, लाल अक्षरात दाखवेल आणि त्या दुरुस्त करायला कार्डाचा नंबर मागेल. असल्या सफाईवाल्यांवर शंका घेणं बरं नाही. २०१७ साली सीक्लीनर या चांगल्या नावाजलेल्या प्रोग्रॅमच्या एका आवृत्तीत हॅकरनी परस्पर व्हायरस घुसवला होता आणि तो वीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर पोचला, पण म्हणून काय झाडू घरात आणायचा नाही?

आता मुख्य उपाय. लॅपटॉप दुकानात द्या.

'लॅपटॉप रिपेअर, मोबाइल रिपेअर, झेरॉक्स, पॅन कार्ड' अशी पाटी असलेलं चौकातलं कुठलंही दुकान चालेल. काउंटरवरचा मुलगा लॅपटॉप चालू करणार नाही. उघडणारही नाही. नुसता हातात घेऊन तोलेल आणि सांगेल, "विंडोज करप्ट आहे मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे डिस्क रिकामी करून विंडोज नव्याने टाकणं. या निदानशक्तीपुढे आपण नम्र व्हावं. "डेटा राहील ना?" असं विचारावं. "राहणार ना, टेन्शन घेऊ नका." मग त्याच्याच अक्षरात पावतीवर 'डेटा बॅकअप' असं लिहून घ्यावं, त्याचे वेगळे पाचशे लावले तर आनंदाने भरावेत आणि 'संध्याकाळी या' यातली संध्याकाळ कोणत्या आठवड्यातली ते विचारू नये.

घरी आणून उघडावा. डेस्कटॉप कसा लख्ख! मी आमच्या सोसायटीची खजिनदार. ३१ मार्चला वर्ष संपलेलं, ऑडिटर मागे लागलेला, ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यायची. मेंटेनन्सचे हिशेब, थकबाकीच्या याद्या, सभांची इतिवृत्तं, सगळं डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये. तो फोल्डर नाही.

दुकानात गेले. मुलगा शांत. "डी ड्राइव्ह बघा ना मॅडम, जसाच्या तसा ठेवलाय." डी ड्राइव्हमध्ये, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात, माझ्या भाच्याने कधीकाळी टाकलेला क्रिकेटचा गेम आहे. तो सुखरूप आहे. "आणि डेस्कटॉप?" "डेस्कटॉप सी मध्ये येतो. सी चा बॅकअप नसतो."

सी चा बॅकअप नसतो! अरे बाबा, विंडोज प्रत्येकाचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स मुळात सी मध्येच ठेवतं. फॉरमॅट तू सी च मारणार होतास. मग पाचशे रुपये घेऊन बॅकअप कशाचा घेतलास, ज्याला हातही लावायचा नव्हता त्याचा? यावर मालकांनी माझ्या हातातली पावती घेऊन उलटी केली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलंय, डेटा गेल्यास दुकान जबाबदार नाही. पुढच्या बाजूला बॅकअपचे पैसे, मागच्या बाजूला बॅकअपवरून हात वर. एकाच कागदावर!

"रिकव्हरी होईल, पण त्याचे चार्जेस वेगळे." नाही होणार, मालक. साध्या फॉरमॅटने फायली लगेच पुसल्या जात नाहीत, त्या कुठे आहेत याची नोंद तेवढी जाते, हे मलाही आता कळलंय. हार्ड डिस्क तशीच बाजूला ठेवली असती तर पुष्कळ काही परत आलं असतं. तुमच्या पोराने त्याच जागेवर नवं विंडोज टाकलं, त्यावर ऑफिस, त्यावर तीन ब्राउझर आणि मी न मागितलेला फोटो एडिटर. खाली काय उरणार?

आणि विंडोज तरी कसलं टाकलं? "दहा बंद झालं ना मॅडम, अकरा दिलंय. तेही प्रो." विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, खरं आहे. पण अकराला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, माझा सातव्या पिढीतला. पळवाट काढून कोंबलं. चार जीबी रॅम, तीच जुनी हार्ड डिस्क, वर अकरा. आधी चहा व्हायचा, आता कुकर होतो. शिवाय प्रत क्रॅक केलेली, आणि क्रॅक चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद करून ठेवलेला. मी लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे भरलेले आहेत. त्या परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते, सरळ होम (माझी मूळची साधी आवृत्ती) टाकलं असतं तर आपोआप ओळखलं गेलं असतं. विकत घेतलेली वस्तू काढून त्याजागी चोरीची बसवायची आणि त्याचेही पैसे घ्यायचे! वर "प्रो दिलंय" म्हणून उपकार!

बास झाला उपरोध.

या धंद्यातल्या लोकांना सरळ विचारते, लॅपटॉप का हळू आहे हे बघायला तुमचा किती वेळ जातो? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसत असेल आणि लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर रोग तिथे आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर तुकडे शोधत धावणारा काटा, कितीही फॉरमॅट मारा, तो काटा जलद होणार नाही. तिथे एसएसडी लागते, म्हणजे तबकडी-काटा नसलेली, चिपांची डिस्क. जुनी डिस्क न पुसता तिच्यावरचं सगळं एसएसडीवर जसंच्या तसं उतरवता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टनच) हे काम करणारी माणसं आहेत, मग तुम्हाला काय झालंय? शिकायचं नाही, बघायचं नाही, पेन ड्राइव्ह लावून नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. लोकांची वर्षं असतात त्या डिस्कवर.

एसएसडी सर्रास मिळत असतानाही चार जीबी रॅम आणि तसली तबकडी घालून वर चकचकीत स्टिकर लावून लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्यांनी तर बोलूच नये.

आणि तुम्ही वाचणारे. "फॉरमॅट मारून घे, नवा होतो" हे सगळ्यांना सांगत फिरता ते बंद करा. स्टार्टअपच्या, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत न लागणाऱ्या गोष्टी बंद करायला, दुसरा अँटिव्हायरस काढायला आणि रीस्टार्ट करायला दुकान लागत नाही. एवढं करून दुकानात जायचंच असेल तर पावती घेतल्याबरोबर उलटी करा, मागचा मजकूर काउंटरवरच मोठ्याने वाचा आणि फॉरमॅट कशासाठी ते विचारा. "स्लो आहे ना" एवढंच उत्तर आलं तर लॅपटॉप उचला आणि पायऱ्या उतरा.