एचआयव्ही हे थोतांड नाही, गोळ्या बंद करू नका

घरच्या, गावाकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. गोषवारा असा: एड्स हे परदेशी पैशासाठी उभं केलेलं थोतांड आहे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी देश संपेल म्हणून घाबरवलं, झालं काहीच नाही, माणसं मरतात ती एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्यांनी, आणि अमुक काढा तीन महिने घेतला की रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पुढे ढकलणाऱ्याचं यात काही जात नाही. पण त्याच ग्रुपात एखादी वहिनी किंवा चुलतभाऊ असतो, जो रोज रात्री घरच्यांच्या नकळत ती गोळी घेतो. त्याला उघडपणे दोन प्रश्न विचारायचीही सोय नसते. मी हे लिहितोय ते मुख्यतः त्याच्यासाठी.

आधी पैशाचं. १९९२ साली नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो जागतिक बँकेच्या कर्जावर, हे खरंच आहे. पण या कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्याचे सुमारे १५,४७२ कोटी रुपये पूर्णपणे केंद्र सरकारच्या तिजोरीतले आहेत. औषध कंपन्यांच्या नफ्याचं म्हणाल, तर २००० च्या आसपास एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधांची जोडणी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि जगभरच्या किमती कोसळल्या. भीती विकून पैसा करायचा असता तर हे कुणी होऊ दिलं नसतं.

'भाकितं खोटी ठरली' हा मुद्दा मात्र नीट उलगडून पाहायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता परिषदेने २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोकांना लागण होईल असं म्हटलं होतं. तसं झालं नाही. शिवाय २००७ मध्ये भारताचा अंदाज पन्नास लाखांच्या वरून थेट २५ लाखांवर आला. पण हे गुपित कुणी बाहेरून फोडलेलं नाही, सरकारनेच जाहीर केलं. आधीचा हिशेब सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायकांच्या आणि जास्त जोखमीच्या गटांच्या तपासण्यांवर बेतलेला होता. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरच्या लाखभर लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा खरं चित्र दिसलं. मोजमाप सुधारलं म्हणून आजार नाहीसा होत नाही. आजही देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत.

आणि साथ आपोआप ओसरली नाही. सांगलीत 'संग्राम' या संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच निरोध वाटायच्या कामात पुढे केलं. निरोधाशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही, हे तिथल्या बायकांनी एकमेकींच्या जोरावर ठरवलं. अशी कामं देशभर झाली, रक्तपेढ्यांत तपासणी सक्तीची झाली, गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण व्हायचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेवर औषधं मिळाली की ते पाच टक्क्यांच्याही खाली येतं. २०१० ते २०२३ मध्ये देशात नवी लागण ४४ टक्क्यांनी आणि एड्सचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. याच काळात गोळ्या घेणारे कित्येक पटींनी वाढले. गोळ्या मारत असत्या तर मृत्यूही वाढायला हवे होते.

तरीही 'गोळ्या सुरू केल्या आणि माणूस गेला' असं सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याने ते पाहिलेलं असतं. १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा औषधं मोजकी होती, म्हणून सीडी४ (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या) दोनशेच्या खाली गेलेल्यांनाच प्रामुख्याने ती मिळत. माणूस यायचा तोच स्ट्रेचरवर, टीबीने पोखरलेला. काही जण पहिल्या दोन-चार महिन्यांतच जायचे आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोर राहायची ती नवी गोळी. त्यात तेव्हाचं स्टॅव्ह्युडिन हे औषध खरोखर त्रासदायक होतं: गाल बसायचे, पायांची आग व्हायची. ते औषध कधीच मागे पडलं. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात, आणि आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली दिवसाला एकच गोळी असते. मळमळ, झोपमोड, वजन वाढणं असे त्रास काहींना होतात. ते एआरटी सेंटरवर सांगावेत, औषध बदलता येतं.

या अफवेची किंमत एका देशाने मोजली आहे. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली, त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू आणि बीट सुचवत राहिल्या, सरकारी उपचार लांबले. हार्वर्डच्या संशोधकांच्या हिशेबाने या दिरंगाईत तीन लाख तीस हजारांहून जास्त माणसं गेली.

आता काढा. सगळ्यांत जास्त संताप येतो तो इथे. हा विषाणू आपली जनुकं शरीराच्या पेशींच्या डीएनएतच घुसवतो आणि काही पेशींत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो; म्हणून आजची औषधं त्याला दाबतात, उपटून काढत नाहीत. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर बरे झालेले जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि तेही मुळात रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारांचे रुग्ण होते. मग काढेवाला रिपोर्ट दाखवतो तो कुठला? बहुतेकदा एआरटी चालू असलेल्याचाच व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीचा, ज्यात विषाणू सापडत नाही. ते श्रेय गोळीचं. एड्स बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. ज्या आजारांवर असा दावा करायला बंदी आहे त्यांच्या यादीत, म्हणजे औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये, या आजाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे.

आमच्या समुपदेशनाच्या टेबलावर रुग्ण गोळ्यांची बाटली ठेवतो, तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं असतं. आम्ही उरलेल्या गोळ्या मोजतो. दोन-तीन उरल्या तर प्रवासाचं कारण असतं. पंधरा-वीस उरल्या की विचारावं लागतं, आणि कधी कधी उत्तरादाखल मोबाईल पुढे येतो, त्यावर हाच मेसेज. गोळ्या थांबल्या की दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो. जोडीदाराचा धोकाही परत येतो. पुण्याच्या 'नारी'चाही (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २०११ मध्ये दिसलं होतं की लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते.

कुणी गोळ्या सोडल्या असतील तर जवळच्या एआरटी सेंटरवर परत जा, खंड किती पडला ते खरं सांगा. उपचार मोफत आहेत. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय फोडायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंदी आहे. गावातल्या ओळखीच्यांची भीती असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरवर बदली मागता येते. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ लावा, पैसे पडत नाहीत.