शाफ्टच्या गाडीला म्हणे हातच लावावा लागत नाही!

"जुनी जपानी बाइक घ्यायची तर शाफ्ट ड्राइव्हचीच घ्या" असा एक फॉरवर्ड दीडेक वर्ष फिरतोय. शाफ्ट ड्राइव्ह म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्यानं मागच्या चाकाला ताकद पोचवायची. चेनवाल्या गाड्या म्हणजे कंपन्यांची लूट आणि शाफ्टवाल्या म्हणजे मोक्ष, असा एकूण सूर. मी दुर्लक्ष केलं होतं. पण आमच्या भाऊजींनी तो ओहायोतल्या लेकाला पाठवला, आणि त्या दिवट्यानं जुनी होंडा सीएक्स ५०० घेऊन ती सबंध सीझन नुसतं पेट्रोल भरून चालवली. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला, "मामा, थ्रॉटल सोडून परत पिळला की मागून खट् करून आवाज येतो." आता मात्र गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक दावा हा : "शाफ्ट सीलबंद असतो, एकदा भरलेलं ऑइल आयुष्यभर पुरतं, मेंटेनन्स शून्य."

मी भाच्याला मागचं चाक काढायला लावलं. या गाडीत हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे दाते (स्प्लाइन) मागच्या गिअरच्या डब्याच्या दात्यांत आडवे सरकून बसतात. चाक ओढलं तशी आतून गेरूसारखी लाल, कोरडी भुकटी फरशीवर सांडली. दाते सपाट माथ्याचे हवेत, ते करवतीसारखे टोकदार झालेले. गिअर ऑइल मात्र होतं तेवढंच होतं, कारण ते सीलच्या आत आणि हे दाते सीलच्या बाहेर! तिथे ऑइल पोचतच नाही, ग्रीस हातानंच लावावं लागतं. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चाक बसवताना या दात्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावायला सांगितलंय, आणि मागचं गिअर ऑइल कधी बदलायचं तेही दिलंय. ऑइल तरी किती, दोन कटिंग चहाएवढं. आधीच्या मालकानं ग्रीस लावलं नाही, यानं बघितलं नाही. चेनची हेळसांड केली की ती निदान खडखडते, ढिली पडलेली डोळ्यांना दिसते. हे दाते चाक काढेपर्यंत दिसत नाहीत.

"जपान्यांना शाफ्ट जमतच नव्हता, म्हणून त्यांनी चेन लावली." हामामात्सुच्या मारुशो कंपनीच्या लायलॅक गाड्या १९५० च्या दशकातच शाफ्टवर धावत होत्या. १९५५ च्या आसामा शर्यतीत २५० सीसी गटात लायलॅकच पहिली आली. पुढे बोला.

"सुटे भाग खपावेत म्हणून चेन." अहो, इंजिन कसं बसवलंय ते तरी बघा. सीएक्सचा क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा दांडा, गाडीच्या लांबीत आहे, त्यामुळे ताकद सरळ मागे जाते आणि एकदाच, चाकापाशी, वळते. सुझुकी जीएस ८५० सारख्या आडव्या चार सिलिंडरच्या गाडीत ती दोनदा काटकोनात वळवावी लागते. प्रत्येक वळणाला बेव्हल गिअर (दिशा वळवणारी तिरप्या दात्यांची चाकं), वजन, थोडी ताकद वाया. त्यातून किंमत वाढते ती वेगळीच. शंभर सीसीच्या यामाहा आरएक्सला हा संसार झेपला असता का? "जुन्या आरएक्सला शाफ्ट किट बसवून घ्या" असंही त्यात लिहिलंय. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), हब, गिअरबॉक्सचं आउटपुट, सगळं बदलायचं. मग आरएक्स म्हणून उरलं काय, टाकी?

एक गोष्ट नाइलाजानं मान्य. १९६९ च्या सीबी ७५० च्या सुरुवातीच्या गाड्यांत चेन तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फुटायची. तेव्हाच्या चेनला ओ-रिंग (आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या) नव्हत्या आणि त्या इंजिनाची ताकद त्यांना पेलत नव्हती. लांबच्या प्रवासाला, पावसापाण्यात शाफ्ट सुखाचा, हेही खरं. गोल्डविंगला १९७५ पासून तो आहे, उगाच नाही. पण ओ-रिंगची चेन आल्यावर ते जुनं रडगाणं बरंच संपलं.

शाफ्टची गाडी जास्त पळते, हा दावा तर सोडूनच देतो.

भाच्याला जुन्या बाजारात हब मिळालाय, डब्याकडचे दाते अजून तपासायचेत. तुमच्यापैकी कोणी अशी गाडी बघायला जाणार असेल, तर मेन स्टँडवर लावा, गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवा. थोडा खेळ असतोच. चाक बरंच सैल फिरून खट्‌कन थांबलं, तर व्यवहाराचं बोलायच्या आधी मालकाला चाक काढून दाखवायला सांगा.