"ताई, आपलं टेंडर इथवरच"

आज सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. 'नदी जलपर्णीमुक्त!' असा फलक, हार घातलेलं मशीन, समोर ओळीने उभे साहेब लोक. फोटो असा काढलाय की पलीकडचा काठ दिसतच नाही. डोकं फिरलं, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

गेल्या उन्हाळ्यात उल्हास नदीच्या काठावर असंच एक मशीन चाललं होतं. जलपर्णी ओढून बाहेर काढत होते, खाली काळं का होईना पण पाणी दिसत होतं, बरं वाटलं. पात्राच्या मध्यावर गेलं आणि मशीन वळलं. पलीकडची अर्धी नदी तशीच हिरवी. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "ताई, आपलं टेंडर इथवरच. तिकडची हद्द दुसऱ्यांची."

त्याचा काय दोष? त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं. पण नदीच्या मधोमध हद्दीची रेघ ओढणाऱ्यांना एकदा तरी वाटलं नसेल का, की ही वनस्पती तरंगते? तिला मातीत मूळ धरावं लागत नाही. एका रोपाला आडव्या फुटव्यातून दुसरं येतं, आणि ऊन व सांडपाणी भरपूर असेल तर दोन-तीन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. वारा फिरला की पलीकडची अलीकडे. तशीच झाली. पावसाळ्याची वाटसुद्धा पाहिली नाही तिने.

बरं, ही नदी कुणा एकाची आहे का? राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणपाशी खाडीला भिडते. वाटेत ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका, एमआयडीसी, पाटबंधारे. लाखो लोक हेच पाणी पितात. वरच्याने जलपर्णी बंधाऱ्यावरून खाली ढकलली की त्याचं काम संपलं. शेवटी खाडीचं खारं पाणी लागलं की ती मरते, तिथेच कुजते. खाडीकाठच्यांनी कुणाकडे तक्रार करायची?

सांडपाणी थांबलं नाही तर कितीही काढा, परत येणार, असं म्हणाल. मान्य. पण सांडपाणीसुद्धा हद्द बघून वाहत नाही, म्हणजे फिरून मुद्दा तोच.

आणि हे जमत नाही असं मला सांगू नका. अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या मोठ्या सरोवरांत समुद्री लॅम्प्रे शिरला. रक्त शोषणारा, जबडा नसलेला मासा. त्याने ट्राउटची मासेमारी पार बसवली. दोन्ही देशांनी 1954 मध्ये करार केला, एक आयोग नेमला, आणि लॅम्प्रे जिथे अंडी घालतो त्या ओढ्यांवर दोन्ही बाजूंनी काम केलं. बहुतेक भागांत त्याची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी खाली आली. आजही काम चालूच आहे, कारण हात सैल सोडला की तो परत वाढतो. तिकडे व्हिक्टोरिया सरोवरात हीच आपली जलपर्णी. केनिया, युगांडा, टांझानिया असे तीन देश काठावर, आणि रवांडाकडून कागेरा नदी नवी नवी रोपं आणून टाकते. त्यांनी जलपर्णी खाणारे सोंडे किडे सोडले, मशीनं लावली, एकत्र बसले. पूर्ण सुटका झाली नाही, कबूल. पण तीन देश एका टेबलावर आले. आपल्याला दोन काठ एका टेबलावर आणता येत नाहीत?

मशीन वळलं तेव्हा शेजारी एक कातकरी दादा छोटं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. तो चिडला नाही. पाण्याकडे बघत एवढंच म्हणाला, "पलीकडची निघाली तर मासा वर येईल." खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, हे त्याला कुणी शिकवायला नको. त्याचं पोट त्यावर आहे. हे आठवलं की राग जातो आणि नुसतं वाईट वाटतं. त्याच्या जाळ्याचा हिशेब कुठल्याच टेंडरमध्ये नसतो.

पण त्या फोटोकडे पाहिलं की पुन्हा चढतो राग! अर्धी नदी साफ करून हार कसले घालता? जलपर्णीचं बी चिखलात वीस-वीस वर्षं जिवंत राहतं. एकाच मोसमात, उगमाकडून सुरू करून, दोन्ही काठ एकदम, आणि पुढची काही वर्षं सतत नजर. काढलेली काठावर न टाकता लांब न्यायची, नाहीतर पहिल्या पुरात परत पाण्यात. खर्च कुणी किती उचलायचा हे भांडून ठरवा हवं तर, पण एकाच खोलीत बसून भांडा.

दोन्ही काठांची हद्द सांभाळणाऱ्या कार्यालयांना एकच अर्ज लिहिलाय, संयुक्त बैठक मागणारा. या काठाच्या सह्या मी गोळा करतेय. पलीकडच्या काठाला माझी फारशी ओळख नाही. तिकडे कुणी राहत असेल, माहेर असेल, सासर असेल, तर आजच मला इनबॉक्स करा. पावसाच्या आत अर्ज द्यायचाय.