चढताना स्वार, उतरताना प्यादे

मराठी माणसाला फारसी अवघड जाऊ नये, असे मला ज्यांनी ज्यांनी सांगितले, त्यांच्यापैकी एकालाही फारसी येत नव्हती. ‘अहो, आपल्या भाषेत निम्मी फारसीच आहे’ हे वाक्य मी कार्यालयात ऐकले, घरी ऐकले, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांकडूनही ऐकले. आणि कामानिमित्त तेहरानला जाण्याचे नक्की झाल्यावर त्याच भरवशावर ‘प्रवास व वाहतूक’ या प्रकरणापासून अभ्यासाला बसलो. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि राजदरबारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यामागे स्वभाषेचा अभिमान होता हे आपण शाळेपासून शिकतो. पुढच्या पिढ्यांचे पाठांतर वाचावे, अशी भूतदयाही त्यात असावी, असे मला हल्ली वाटू लागले आहे.

अनोळखी शब्दांनी मला मुळीच त्रास दिला नाही. विमानाला ‘हवापेमा’ म्हणतात, म्हणजे हवेतून मार्ग आक्रमणारे. विमानतळ म्हणजे ‘फोरुदगाह’, उतरण्याची जागा (तेथून विमाने वरही जातात, याची दखल या शब्दाने घेतलेली नाही). रेल्वेला ‘राह-आहन’, म्हणजे अक्षरशः आपला लोहमार्ग. ‘बेलीत’ फ्रेंचांकडून आलेले, ब्रेकसाठीचे ‘तोर्मोज’ रशियनांकडून आलेले, आणि ‘पंचर’ तर आपल्याकडच्या कोणत्याही टायरवाल्याच्या पाटीवर शोभावे असे. हे सगळे पाहुणे मुकाट्याने डोक्यात येऊन बसले.

छळ मांडला तो घरच्या शब्दांनी. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे शब्द माहेरी गेले की ओळखच दाखवत नाहीत. रस्ता हा शब्द आपण फारसीतूनच घेतला, पण तेहरानमध्ये रस्त्याला कोणी रस्ता म्हणत नाही. शहरातला असेल तर ‘खियाबान’ आणि गावाबाहेर पडला की ‘जाद्दे’. गतिरोधकाला ‘दस्तअंदाज’ म्हणतात, आणि खड्ड्यालाही तेच म्हणतात, हे मात्र आपल्या महापालिकांनी विचारात घेण्यासारखे आहे. मोटारीत बसल्यावर लावायचा पट्टा हा ‘कमरबंद’. ते ऐकून सौभाग्यवतींनी तो सोन्याचा की चांदीचा, अशी चौकशी केली. ‘मैदान’ म्हणजे चौक. मुंबईच्या आझाद मैदानावर क्रिकेट पाहत मोठा झालेला माणूस तेहरानच्या ‘मैदाने आझादी’ला उतरतो, तेव्हा त्याच्यासमोर १९७१ साली बांधलेला पांढऱ्या संगमरवराचा मनोरा आणि त्याभोवती गरगरणारी अखंड वाहतूक असते, फलंदाज कोठेही नसतो.

मला शिकवायला पुण्यात शिकणारा एक इराणी विद्यार्थी येत असे. मला तो ‘आगा’ म्हणे आणि माझ्या उच्चारांबद्दल बोलताना इतके सौजन्य दाखवी की ते ऐकून पोटात गोळा यावा. त्याने मला एकच गोष्ट कडक शब्दांत बजावली. सामान उचलणाऱ्याला तेथे ‘हमाल’ म्हणून हाक मारायची नाही. तो शब्द तेथे शिवीसारखा लागतो, म्हणून ‘बारबर’ म्हणायचे. मी ते वहीत लिहून घेतले आणि दाढीकटिंग करणाऱ्याला तेथे काय म्हणतात, हे त्या दिवशी विचारायचे टाळले.

वहीतले हे सारे शब्द शुद्ध, ग्रांथिक आणि निष्कलंक होते, आणि तेहरानचे टॅक्सीचालक तसले काही बोलत नाहीत. तेथे बोलताना ‘आन’चा ‘उन’ होतो. खियाबानचा ‘खियाबुन’, मैदानाचा ‘मेदुन’, आणि खुद्द तेहरानचे ‘तेहरुन’. ज्या शहराच्या नावाचे शहरातच असे होते, तेथे माझ्या पाठांतराची काय कथा!

तेथील वाटून घ्यायच्या टॅक्सीला ‘सवारी’ म्हणतात, म्हणजे आपली स्वारीच. पण ही स्वारी मिळवायची रीत थाटाची नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून, वेग किंचित कमी केलेल्या गाडीच्या खिडकीकडे पाहत आपले ठिकाण ओरडायचे. चालकाला त्या दिशेने जायचे असेल तर तो थांबतो, नसेल तर मानही न हलवता निघून जातो. ज्याला ठिकाणाचे नाव उच्चारण्याचा धीर नाही, त्याच्यासाठी ‘मोस्तकीम’ हा एकच शब्द पुरेसा आहे: सरळ. वलीअस्र हा खियाबान दक्षिणेच्या रेल्वे स्थानकापासून उत्तरेच्या तजरीशपर्यंत सुमारे १८ किलोमीटर जातो, त्यामुळे नवशिक्याने तेथेच घर घ्यावे आणि आयुष्य ‘मोस्तकीम’वर काढावे, असे माझे स्पष्ट मत झाले. परदेशी चेहरा दिसला की चालक आशेने ‘दरबस्त?’ असे विचारतात, म्हणजे संपूर्ण गाडी एकट्यासाठी. हा शब्द आपल्याला कळला आहे, हे चेहऱ्यावर दिसू न देणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

गाडीत बसणे म्हणजे ‘सवार’ होणे आणि उतरणे म्हणजे ‘पियादे’ होणे. बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी माणसाला ‘पियादे मिशम’, म्हणजे ‘मी प्यादे होतो’, असे चारचौघांत मोठ्याने जाहीर करणे जिवावर येते. पण न बोलल्यास गाडी मोस्तकीम जात राहते. मी धीर करून ते बोललो आणि खिशात हात घालून ‘चंद मिशे?’ म्हणून भाडे विचारले. चालक मागे वळून गोड हसला आणि म्हणाला, ‘काबेल नदारे’, म्हणजे आपल्यासारख्यांपुढे या पैशांची काय किंमत! ही शुद्ध औपचारिकता असते. तिच्यावर विश्वास ठेवून चालू लागणारा प्रवासी फार दूर जाऊ शकत नाही. आपण आग्रह करायचा, त्याने नाकारायचे, पुन्हा आपण आग्रह करायचा, आणि मग त्याने आकडा सांगायचा. हा आकडा तोमानांत असतो, नोटेवर छापलेले असतात रियाल, १० रियालांचा एक तोमान होतो, आणि बोलण्याच्या ओघात हजार हा शब्द बहुधा गिळलेला असतो. शेजारचे प्रवासी घड्याळाकडे पाहत असताना मी दाराशी उभ्या उभ्या शून्ये मोजली, नोटा पुढे केल्या आणि आभाराचे पाठ केलेले वाक्य म्हटले, ‘दस्ते शोमा दर्द नकोने’. तुमचा हात न दुखो. त्यातल्या ‘नको’ने पहिल्यांदाच मला घरच्यासारखा आधार दिला.

चालकाने रीतीप्रमाणे उत्तर दिले, ‘सरे शोमा दर्द नकोने’. तुमचे डोके न दुखो. ही शुभेच्छा मला त्याने चढतानाच द्यायला हवी होती.