विसळू नका, खरकटं तेवढं काढा

लेखात डिशवॉशरमध्ये लावण्याआधी भांडी नळाखाली स्वच्छ विसळून घ्यायला सांगितलंय, ते काही पटलं नाही. डिटर्जंटमधली एन्झाइम्स अन्नाच्या डागांवरच काम करतात. खरकटं निपटून कचऱ्यात टाकलं की पुरे.

खरी मेख भांडी लावण्यात आहे. सुरुवातीला आम्ही वाट्या एकीत एक सरकवायचो, आमटीचा थर तसाच राहायचा. आता प्रत्येक वाटी पालथी आणि जरा तिरकी, म्हणजे बुडावर पाणी साचत नाही. कढई, स्टीलचा कुकर खालच्या रॅकमध्ये, तोंड खाली. आणि दार लावण्याआधी पाणी फवारणारं पातं हातानं एकदा फिरवून बघाच! आमच्याकडे ते उभ्या ठेवलेल्या उलथन्याला अडकलं आणि वरचा अख्खा रॅक खरकटाच बाहेर आला. (सासूबाईंचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो.)

ॲल्युमिनियम मात्र घालू नका, काळं पडतं. बोअरचं जड पाणी असेल तर डिशवॉशरचं मीठ (पाण्याचा जडपणा कमी व्हावा म्हणून यंत्रात घालतात ते खास मीठ) संपू देऊ नका, नाहीतर काचेच्या ग्लासांवर पांढरे डाग येतात. स्वयंपाकाचं मीठ तिथे चालत नाही. हळदीनं पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे? त्यांची आशा मी सोडली आहे.