'राजाचा शब्द म्हणजे कायदा' हा तर आरोप होता राव

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, तुमच्याही ग्रुपवर आली असेलच. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मध्ययुगात युरोपातल्या राजाचा शब्द म्हणजे कायदा, राजे स्वतःला देव म्हणवायचे, सगळी जमीन त्यांचीच, कुणाचीही नवी नवरी पहिल्या रात्री राजाकडे, मग १२१५ साली मॅग्ना कार्टा (इंग्लंडच्या राजाने दिलेली सनद) आला, जनतेला लोकशाही मिळाली आणि राजांची सत्ता संपत गेली. वाचायला झकास आहे, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात गडबड आहे, म्हणून एकेक घेतो.

"राजाचा शब्द म्हणजे कायदा."

१३९९ साली इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डला गादीवरून उतरवलं तेव्हा त्याच्याविरुद्ध ३३ आरोपांची यादी केली होती, आणि त्यातला एक आरोप काय होता माहितीये? की हा माणूस म्हणतो कायदे माझ्या तोंडात आहेत, कधी म्हणतो माझ्या छातीत आहेत. म्हणजे पोस्टवाला जी राजाची पॉवर म्हणून सांगतोय, नेमकं तेच बोलल्याचा ठपका ठेवून राजाला घरी बसवलं. घरी कसलं, कैदेत, आणि पुढच्याच वर्षी पाँटेफ्रॅक्टच्या किल्ल्यात तो मेला. आता यादी त्याच्या विरोधकांनी केली होती, त्याच्या जागी आलेला चौथा हेन्री गादीसाठी टपूनच बसला होता, तेव्हा रिचर्ड खरंच तसं बोलला का हा भाग वेगळा. पण असं बोलणं राजाला शोभत नाही हे ऐकणाऱ्यांना आधीच पटलेलं असल्याशिवाय कोण कशाला ते यादीत टाकेल?

आणि ही काही एकच केस नाही. रिचर्डच्या पणजोबाला, दुसऱ्या एडवर्डला, १३२७ मध्ये असंच उतरवलं होतं. जर्मनीत तर राजा निवडूनच यायचा, म्हणजे मोठमोठे सरदार आणि आर्चबिशप मिळून निवडायचे, १३५६ च्या फर्मानाने हे सात जण कोण ते पक्कंच करून टाकलं, आणि निवडणाऱ्यांनी १२९८ मध्ये अॅडॉल्फला आणि १४०० मध्ये वेंझेलला काढूनही टाकलं. इंग्लंडमधला १३व्या शतकातला ब्रॅक्टनच्या नावाने ओळखला जाणारा कायद्याचा ग्रंथ सरळ म्हणतो की राजा कुठल्या माणसाच्या हाताखाली नसला तरी देवाच्या आणि कायद्याच्या हाताखाली आहे, कारण कायद्यानेच त्याला राजा केलंय.

हां, एक गोष्ट कबूल. राजाला आवडेल तोच कायदा हे रोमन वचन तेव्हाच्या वकिलांना तोंडपाठ होतं आणि राजांच्या पदरचे लोक ते हौसेने वापरायचे. सिसिलीत दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये स्वतःची कायदेसंहिता काढून बऱ्यापैकी घट्ट कारभार केलाही. पण सिसिली म्हणजे अख्खा युरोप नव्हे.

"राजे स्वतःला देव म्हणवायचे."

राज्याभिषेकात पवित्र तेल लावायचे हे खरं. राजाने हात लावला की गंडमाळ बरी होते अशी फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोकांची श्रद्धा होती हेही खरं, पहिल्या एडवर्डच्या हिशेबात अशा रोग्यांना एकेक पेनी दिल्याच्या नोंदी आहेत. पण ते तेल लावायचा कोण? बिशप. म्हणजे राजाचा देवाशी संबंध चर्चच्या हातून जायचा आणि तिथेच त्याची गोची व्हायची. जर्मनीच्या चौथ्या हेन्रीला पोपने १०७६ मध्ये धर्मबहिष्कृत केलं, लगेच त्याच्याच सरदारांनी बजावलं की वर्षभरात हे मिटव नाहीतर आम्ही तुला राजा मानणार नाही, आणि जानेवारी १०७७ मध्ये हा गडी आल्प्स ओलांडून, पोप मुक्कामाला होता त्या इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस बर्फात अनवाणी उभा. (पुढे त्याने त्याच पोपला रोममधून पळवून लावलं, म्हणजे हेन्रीही काही गरीब गाय नव्हता.) इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचं बघा, आर्चबिशप बेकेटचा त्याच्या माणसांनी ११७० मध्ये खून केला, तर ११७४ मध्ये राजाला कँटरबरीत अनवाणी चालत जाऊन भिक्षूंच्या हातचे फटके खावे लागले. देवाला कोणी फटके मारतं का?

बरं, राजांना खुद्द देवच 'देव' म्हणतो असं भाषण एका राजाने पार्लमेंटसमोर ठोकलंय, पण तो इंग्लंडचा पहिला जेम्स आणि साल १६१०. मध्ययुग केव्हाच संपलं होतं.

"सगळी जमीन राजाची."

कागदावर, आणि तेही मुख्यतः इंग्लंडमध्ये, कारण तिथे १०६६ मध्ये विल्यमने देश जिंकून जमिनी नव्याने वाटल्या. तरीसुद्धा १०८६ च्या जमीन-पाहणीत थेट राजाकडे सहाव्या हिश्श्याच्या आसपासच उत्पन्न दिसतं, चर्चकडे त्याहून जास्त.

फ्रान्सची तर गंमतच. ९८७ मध्ये ह्यू कॅपे राजा झाला तेव्हा त्याच्या खऱ्या ताब्यात पॅरिस ते ऑर्लेआं एवढाच पट्टा, आणि त्यातही स्वतःच्याच सरदारांचे किल्ले मध्ये घुसलेले. पॅरिसपासून २५ किलोमीटरवर माँलेरी नावाचा किल्ला आहे, त्याच्यामुळे राजाला स्वतःच्या दोन शहरांमध्ये धड ये-जा करता यायची नाही. अखेर लग्नसंबंध जुळवून तो ताब्यात आला, तेव्हा त्या वेळचा राजा पहिला फिलिप पोराला म्हणाला की बाबा हा बुरूज सांभाळ, याच्या तापाने मी म्हातारा झालो. हे राजघराण्याच्या जवळच्याच सुजेर नावाच्या मठाधिपतीने लिहून ठेवलंय. तो पोरगा म्हणजे सहावा लुई, त्याने ल प्युइझेचा एक किल्ला तीनदा पाडला, कारण मालक दरवेळी परत बांधायचा आणि परत लुटालूट सुरू. हा सगळा फ्रान्सचा सर्वेसर्वा राजा बरं का.

सरकारी दफ्तरसुद्धा राजासोबत गाड्यांवर लादून फिरायचं. ११९४ मध्ये फ्रेतव्हालला फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्ट इंग्लंडच्या रिचर्डपुढून पळाला तेव्हा खजिना, शिक्का आणि कागदपत्रं सगळं शत्रूच्या हाती लागलं, आणि मग कुठे दफ्तर पॅरिसमध्ये एका जागी ठेवायची अक्कल आली.

"नवी नवरी पहिल्या रात्री राजाकडे."

राजाचा असा हक्क कुठल्याही कायद्यात नाही. कॅटलोनियात १४८६ च्या एका निवाड्यात जमीनदारांना असलं काही करायला बंदी घातलेली आहे, पण ते जमीनदार, राजा नाही, उलट बंदी घालणाराच राजा आहे. कुळाच्या पोरीच्या लग्नाला मालक पैसे उकळायचा, हे मात्र ढिगाने सापडतं. बाकीचा मसाला बहुतेक नंतरच्या लेखकांचा.

"मॅग्ना कार्टाने जनतेला लोकशाही दिली."

कुठल्या जनतेला? त्यात हक्क आहेत ते 'स्वतंत्र माणसाला', आणि गावोगावचे निम्म्याच्या आसपास लोक तेव्हा वेठीला बांधलेली कुळं होती. भांडण होतं राजा जॉन आणि त्याच्या सरदारांचं, आणि ते पैशाचं होतं. जॉनने १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावली, ती परत मिळवायला पैसा हवा, मग जो सापडेल त्याला पिळायचा. एक नमुना सांगतो. जेफ्री द मँडव्हिल नावाच्या सरदाराच्या गळ्यात जॉनने स्वतःची सोडलेली बायको मारली, आणि त्या लग्नाचे त्याच्याचकडून २०,००० मार्क मागितले, तेव्हाच्या मानाने भयानक रक्कम. हाच जेफ्री पुढे मॅग्ना कार्टाप्रमाणे राजावर नजर ठेवणाऱ्या २५ सरदारांत दिसतो, आश्चर्य काय त्यात! आता ती कलमं वाचा: मोठ्या सरदाराच्या वारसाने जहागिरीसाठी १०० पौंडच द्यायचे, विधवेला जबरदस्तीने लग्न करायला लावायचं नाही, थेम्स नदीतले मासे धरायचे बांध काढून टाकायचे, दारू आणि धान्याची मापं सगळीकडे एकच. लोकशाही कुठे दिसतेय का?

आणि हा कागद टिकला किती, तर जूनमध्ये शिक्का बसला आणि ऑगस्टमध्ये पोपने रद्द केला. पुढच्या वर्षी जॉन मेल्यावर त्याच्या नऊ वर्षांच्या पोराच्या नावाने सुधारून परत काढला तेव्हा त्याला जीव आला, आणि १२२५ च्या आवृत्तीत तर राजाने बदल्यात सरळ कर मागून घेतला. असा व्यवहार इंग्लंडमध्येच चालायचा असंही नाही, स्पेनमधल्या लिओनमध्ये ११८८ लाच शहरांचे प्रतिनिधी राजाच्या सभेत बसले होते आणि हंगेरीच्या सरदारांनी १२२२ मध्ये आपल्या राजाकडून तशीच सनद घेतली.

"त्यानंतर राजांची सत्ता संपत गेली."

उलटं झालं हो, निदान बऱ्याच ठिकाणी. मध्ययुगातल्या राजाकडे कायमची फौज नसायची, सरदार ठरल्याप्रमाणे साधारण ४० दिवस येणार आणि घरी जाणार, जास्त हवं तर पैसे मोजा, पैसे हवेत तर सरदार, धर्मगुरू आणि शहरांच्या प्रतिनिधींची सभा बोलवा आणि त्यांच्या तक्रारी ऐका. फ्रान्समध्ये ही गाठ १५व्या शतकात सुटायला लागली, सातव्या चार्ल्सने १४४५ मध्ये कायम पगारी घोडदळ उभं केलं आणि त्यासाठीचा कर दरवर्षी सभेला न विचारता वसूल व्हायला लागला. डेन्मार्कच्या राजाने तर १६६५ मध्ये स्वतःची अमर्याद सत्ता चक्क कायदा करून लिहून घेतली. आणि फ्रान्समधल्या त्याच सभेची, जी १३०२ मध्ये राजाला पोपशी भांडताना पाठिंब्यासाठी बोलवावी लागली होती, १६१४ नंतर थेट १७८९ पर्यंत एकही बैठक झाली नाही.